चूक रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी: सीमाभागातल्या नर्सेससाठी कामाची पद्धत

बेळगावातल्या एखाद्या मोठ्या वॉर्डात एका खाटेभोवती किती भाषा असतात ते बघा. रुग्ण चंदगडकडचा, मराठी बोलणारा. सोबत आलेला जावई कन्नड शाळेत शिकलेला. केस पेपर इंग्रजीत. सिस्टर विजापूरकडची. राउंडला येणारे पीजी डॉक्टर हिंदीत विचारणारे. पिशवीत मिरजेच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. सगळे आपापलं काम नीट करत असतात, तरी एका तोंडून दुसऱ्या कानात जाताना काहीतरी सांडतं. ते सांडलेलं बहुतेक वेळा नर्सच्या हाताशीच येऊन थांबतं, कारण गोळी, सुई आणि सलाईन शेवटी तिच्याच हातून रुग्णाकडे जातात.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच राइट्स नर्सिंग कॉलेजात सगळ्यांनी पाठ केलेले असतात. पाठ असूनही चुका होतात, कारण कुठे पोहोचायचं ते हे राइट्स सांगतात. तीस-चाळीस रुग्णांच्या वॉर्डात, मध्येच कोणी हाक मारत असताना तिथवर कसं जायचं ते सांगत नाहीत. पुढे जे लिहिलंय ते त्या 'कसं'बद्दल आहे.

पहिलं काम: माणूस तोच आहे ना

"तुम्ही सुनीता पाटील ना?" असं कधीही विचारू नका. तापाने ग्लानीत असलेली, ऐकायला कमी येणारी किंवा सिस्टरला घाबरलेली बाई "व्हय" म्हणून मोकळी होते. प्रश्न असा ठेवा, की उत्तर तिलाच द्यावं लागेल: "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा. गाव कुठलं?" मग ते नाव आणि केस पेपरवरचा आयपी नंबर (भरतीचा नंबर) जुळवा. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे. दुपारी पंख्याखालची खाट मिळाली म्हणून रुग्ण स्वतःच सरकलेला असू शकतो.

आपल्याकडे गाव विचारणं फार उपयोगी पडतं. एकाच वॉर्डात येळ्ळूरच्या एक आणि उचगावच्या एक, अशा एकाच नावाच्या दोन पाटील असणं हे नवल नाही. असं झालं की दोन्ही केस पेपरांवर लाल शाईने 'नामसाधर्म्य' लिहा आणि दोघींना शेजारशेजारच्या खाटा देऊ नका.

आणखी एक अडचण खास सीमेवरची. लग्न होऊन महाराष्ट्रातून इकडे आलेल्या मुलींच्या आधार कार्डावर माहेरचं नाव असतं, तायी कार्डावर (कर्नाटकातलं गरोदर मातेचं कार्ड) सासरचं आणि लॅबच्या रिपोर्टवर दोन्हींची खिचडी. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेलेली असेल, तर अर्ध्या नोंदी तिकडच्या माता-बाल कार्डात सापडतात. भरती करतानाच दोन्ही नावं एका जागी लिहून घ्या आणि दोन्ही कार्डं मागा. रक्तदाब वाढत असल्याची किंवा रक्तगट निगेटिव्ह असल्याची नोंद नेमकी त्या दुसऱ्या कार्डात असू शकते. मात्र कार्डावरचा रक्तगट ही फक्त माहिती समजा. रक्त देण्याआधी नमुना पुन्हा तपासायला पाठवावाच लागतो.

दुसरं काम: पिशवी रिकामी करा

सगळ्यात जास्त चुका इथे हाती लागतात, असं माझं मत आहे, आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही याच कामाची होते. निपाणी, चिकोडी, अथणीकडचा माणूस कधी बेळगावला दाखवतो, कधी कोल्हापूर-मिरजेला. प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी मिळते, आधीची चिठ्ठी कोणी बंद करत नाही. रुग्णाच्या दृष्टीने ती सगळी 'बीपीची गोळी' असते. गोळ्यांचं नाव दोन पाकिटांवर वेगळं असतं, आत मात्र दोन्हींत अ‍ॅम्लोडिपीनच असतं. दोन्ही घेतली की चक्कर येऊन पडल्याची केस म्हणून तो पुन्हा दारात.

म्हणून भरती करताना पिशवी खाटेवर रिकामी करायला लावा. ब्रँडचं ठळक नाव सोडून खाली बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचा आणि तेच वहीत उतरवा. प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी लिहा: मात्रा, दिवसातून किती वेळा, शेवटची कधी घेतली. "गोळ्या घेता का?" या प्रश्नाला "न्हाई" हे उत्तर सहज येतं, कारण साखरेच्या आजारावरचं चूर्ण, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी किंवा डोळ्यांतले थेंब यांना कोणी गोळ्या म्हणत नाही. त्यांची नावं घेऊन विचारा.

पिशवीत या तीन गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांना लगेच सांगा. पहिली, रक्त पातळ करणारी वॉर्फरिन किंवा असिनोकुमारॉल आणि तिच्यासोबत वेदनाशामक गोळी. दुसरी, साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांच्या दोन पाकिटांत एकच ग्लिमेपिराइड. तिसरी मेथोट्रेक्सेट. सांधेवातासाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात आणि माणूस दगावू शकतो. 'आठवड्यातून एकदा' एवढं सांगून भागत नाही. डॉक्टरांना विचारून वार ठरवा आणि पाकिटावर त्या वाराचं नाव लिहा. गावच्या बाजाराचा वार ठरवला तर आजी सहसा विसरत नाहीत.

भाषा अडली तर वॉर्डातल्या आयाला किंवा शेजारच्या रुग्णाच्या नातेवाइकाला दुभाषा करणं सोयीचं वाटतं. पाणी पाहिजे का हे विचारायला चालेल. अ‍ॅलर्जी, गर्भ आहे का, दारू किती, शेवटचा डोस कधी, हे मात्र दोन्ही भाषा येणाऱ्या सहकारी नर्सकडूनच विचारून घ्या. शेजारच्या माणसासमोर बाई पाळी चुकल्याचं सांगत नाही, आणि मग एक्स-रे निघून जातो.

तिसरं काम: ऑर्डर वाचताना थांबायच्या जागा

सगळी ऑर्डर सारख्याच काळजीने वाचा, हा सल्ला कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात नजर अडखळायच्या जागा ठरवून घ्याव्या लागतात.

दशांश चिन्ह ही पहिली जागा. ५.० मधला टिंब पुसट झाला की ५० होतात. नुसतं .५ लिहिलं तर ५ वाचलं जातं. युनिटसाठी इंग्रजी 'यू' अक्षर लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिटचे ४० होतात. चार्ट तुमच्या हातात असेल तेव्हा 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. आकडेही सगळ्यांना वाचता येतील अशा इंग्रजी अंकांतच ठेवा. वॉर्डात कन्नड आणि मराठी अंकांची सरमिसळ नको.

मुलांच्या ऑर्डरवर किलोमधलं वजन नसेल तर ती ऑर्डर अपुरी समजा. वजन स्वतः करा, आईला अंदाज विचारू नका. फोनवर घेतलेली ऑर्डर आधी लिहा, मग लिहिलेलं वाचून दाखवा, आकडा फोडून सांगा: "एक-पाच, पंधरा." इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी खरखरणाऱ्या फोनवर सारखेच ऐकू येतात. अक्षर लागलं नाही तर अंदाज बांधू नका. शेजारच्या सिस्टरला "हे काय लिहिलंय गं?" विचारून दोघींनी मिळून केलेला अंदाज हासुद्धा अंदाजच असतो.

चौथं काम: औषध भरताना

काही औषधांत लहानशी चूकही थेट जिवावर येते. त्यांची यादी ट्रॉलीवर चिकटवलेली असली पाहिजे. इथे मी चारच घेते.

इन्सुलिन. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीच्याही व्हायल मिळतात आणि १०० युनिट प्रति मिलीच्याही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. आता १०० ची व्हायल घेऊन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरलं, तर आत गेलेलं इन्सुलिन अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. अडीच पट. उलट झालं, ४० ची व्हायल आणि नारिंगी सिरिंज, तर २० च्या जागी फक्त ८ युनिट जातात आणि "इन्सुलिन देऊनही साखर उतरत नाही" म्हणून डॉक्टर मात्रा वाढवत बसतात. व्हायल आणि सिरिंज हातात शेजारी धरून दोन्हींवरचा आकडा मोठ्याने वाचायची सवय लावा. शक्य असेल तर वॉर्डात एकाच ताकदीचं इन्सुलिन ठेवायचा आग्रह इनचार्ज सिस्टरांनी धरावा. पेशंटने घरून आणलेली व्हायल वापरताना पुन्हा तपासा.

पोटॅशियम क्लोराइड. १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) असतात. दिसायला ती डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखी. शिरेतून थेट दिलं तर हृदय थांबतं. ही अँप्युल ट्रॉलीवर ठेवूच नका. वेगळ्या, कुलूपबंद, लाल चिठ्ठीच्या डब्यात ठेवा. सलाईनच्या बाटलीत घातल्यावर बाटली चार-पाच वेळा उलटसुलट करा, नाहीतर औषध तळाशी राहून पहिल्यांदा तेच घट्ट जातं. बाटलीवर काय घातलं, किती, किती वाजता, ते लगेच लिहा.

मॅग्नेशियम सल्फेट. झटक्यांच्या बाळंतिणीसाठी हे वरदान आहे, पण पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात: श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, गुडघ्याचा झटका येतोय, लघवी तासाला निदान ३० मिली. यातलं एकही कमी असेल तर डोस थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचं १० मिली, त्याच ट्रेमध्ये ठेवलेलं असावं. शोधायला औषधाच्या खोलीत जावं लागता कामा नये.

मुलांचं पॅरासिटामॉल. घरोघरचं म्हणून याकडे कोणी बघत नाही. १० किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅमने १५० मिलिग्रॅम लागतात. हे १५० मिलिग्रॅम १२५ च्या (म्हणजे ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या) सिरपचे ६ मिली होतात, २५० च्या सिरपचे ३ मिली आणि थेंबांच्या बाटलीतले फक्त दीड मिली, कारण थेंबांच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात. आईला 'सहा मिली द्या' एवढंच सांगितलं आणि तिच्याकडे घरी थेंबांची बाटली असली, तर चौपट मात्रा जाते. आईकडची बाटली बघितल्याशिवाय मिली सांगू नका.

या चौघांसाठी दुसऱ्या नर्सची तपासणी हवी, आणि ती खरी हवी. "बघ गं, वीस युनिट भरलंय" म्हटल्यावर दुसरी मान हलवते, त्याला तपासणी म्हणत नाहीत. दुसरीला ऑर्डर आणि व्हायल द्या, तुमचं उत्तर सांगू नका. तिने स्वतः हिशेब करून आकडा सांगावा आणि मग दोन्ही जुळवावेत. प्रत्येक गोळीसाठी हे करायला गेलात तर दोन दिवसांत सगळ्याजणी फक्त सह्या करायला लागतील. म्हणून यादी लहान ठेवा.

औषध भरत असताना कोणी हाक मारू नये म्हणून काही ठिकाणी नर्सला वेगळ्या रंगाचं जॅकेट घालतात. आपल्या जनरल वॉर्डात, जिथे एका रुग्णामागे चार नातेवाईक असतात, तिथे जॅकेट बघून लोक आणखी जवळ येतात. त्यापेक्षा औषधाच्या वेळी एका सिस्टरने नातेवाइकांची उत्तरं द्यायची आणि दुसरीने फक्त औषधं करायची, अशी वाटणी जास्त चालते. मध्येच थांबावं लागलं, तर अर्धवट भरलेली, नाव न लिहिलेली सिरिंज फेकून द्या.

रक्त देताना

दोघींनी, खाटेशी उभं राहून तपासा. नर्सिंग स्टेशनवर बसून नव्हे. रुग्णाचं नाव, आयपी नंबर, पिशवीचा नंबर, रक्तगट, मुदत. पहिली १५ मिनिटं तिथेच थांबा, कारण चुकीच्या गटाचं रक्त असेल तर थंडी, कंबरदुखी, धाप, घाबरणं हे सहसा सुरुवातीलाच दिसतं. पिशवी ४ तासांत संपली पाहिजे.

पाचवं काम: दिल्यानंतर बघत राहणं

औषध बरोबर गेलं तरी रुग्ण बिघडू शकतो, आणि ते पहिल्यांदा नर्सलाच कळतं. इथे एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. कुठल्याही वॉर्डातले चार्ट उघडा. सगळ्या रुग्णांचा श्वास मिनिटाला २० लिहिलेला सापडेल. न्यूमोनियाच्या म्हाताऱ्याचा २० आणि हर्नियाच्या तरुणाचाही २०. नाडी आणि रक्तदाब मशीन दाखवतं, श्वास मोजावा लागतो, म्हणून तो लिहिला जातो पण मोजला जात नाही. आणि बिघाड सुरू झाल्याचं बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वासच सांगतो. पूर्ण एक मिनिट मोजा. नाडी बघायचा हात मनगटावरच ठेवा, म्हणजे रुग्ण श्वास बदलणार नाही.

नातेवाईक "मघापासून कायतरी येगळंच बोलूलालेत" म्हणाले तर ते कुरकुरतायत असं समजू नका. तो माणूस रोज कसा बोलतो हे त्यांना माहीत असतं, तुम्हाला नसतं.

सहावं काम: बोलणं

चूक दिसली, पण तोंड उघडलं नाही, असं सगळ्यात जास्त होतं. नवी सिस्टर, समोर मोठे डॉक्टर, भोवती इंटर्न. 'धीट व्हा' हा सल्ला फुकटचा असतो. वाक्यं तयार असली की धीर आपोआप येतो. आधी रुग्ण कोण, मग काय दिसतंय, मग काय वाटतंय, शेवटी काय हवंय, या क्रमाने बोला:

"सर, १२ नंबरच्या खाटेवरचे कडोलीचे काका, काल ऑपरेशन झालेले. श्वास ३० वर गेलाय, ऑक्सिजन ८८ दाखवतंय, तासाभरापूर्वी ९५ होतं. मला काळजी वाटतेय. तुम्ही आत्ता येऊन बघाल का?"

ऑर्डरच चुकीची वाटत असेल तर: "मॅडम, केस पेपरवर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलीय आणि ऑर्डर अमॉक्सिसिलिनची आहे. देण्याआधी एकदा बघता का?" (अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच गटातलं.) यात कोणाचा अपमान नाही, कागदावरची गोष्ट आहे. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा "ही मात्रा मला सुरक्षित वाटत नाही" असं स्पष्ट म्हणा. तिसऱ्यांदा इनचार्ज सिस्टर किंवा ड्युटीवरच्या वरिष्ठ डॉक्टरांना फोन करा. प्रत्येक वेळी वेळ, कोणाला सांगितलं आणि काय उत्तर मिळालं ते नर्सिंग नोट्समध्ये लिहा.

जे डॉक्टर अशा फोनवर चिडतात त्यांच्या वॉर्डात फोन कमी होतात आणि रुग्ण जास्त बिघडतात. हे वैद्यकीय अधीक्षकांनी त्या डॉक्टरांना सांगायला हवं, नर्सने नव्हे.

एकट्या नर्सची रात्र

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दुसरी सिस्टर नसते. तिथे दोघींच्या तपासणीचं काय? फोन. व्हायलचा फोटो तालुक्याच्या सहकारी सिस्टरला पाठवा आणि तिला हिशेब करायला सांगा. रेंज नसेल तर हिशेब कागदावर करा, हात धुऊन या आणि पहिला कागद झाकून पुन्हा करा.

बाळंतपणात गावपातळीवरच्या नर्सेस काय करू शकतात याचा पुरावा याच जिल्ह्यातून जगभर गेला. बेळगाव जिल्ह्यात एएनएम सिस्टरांनी बाळंतपणानंतर १,६२० बायकांपैकी निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशा गोळ्या. जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. हा अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पण हेच औषध, किंवा ऑक्सिटोसिन, देण्याआधी पोटावर हात ठेवून आत दुसरं बाळ नाही ना हे बघायचं असतं. ते चुकलं तर आतल्या बाळाचा जीव धोक्यात येतो. फ्रिजमध्ये ऑक्सिटोसिन आणि मेथर्जिन (हेही रक्तस्राव थांबवायचं औषध) यांच्या लहान अँप्युल एकत्र ठेवू नका. रक्तदाब वाढलेल्या बाईला मेथर्जिन चालत नाही. आणि फ्रिज २ ते ८ अंशांवर आहे का ते वीज येऊन-जाऊन असते तेव्हा दोनदा बघा.

साप चावलेल्या रुग्णाला विषाचा उतारा सुरू करण्याआधी अ‍ॅड्रेनालिन भरून ठेवा: मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. उताऱ्याची 'टेस्ट डोस' देऊ नका, राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ती नाही. लहान मुलालाही मोठ्याइतकाच उतारा लागतो, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं.

आणि १०८ मध्ये रुग्ण बसवताना चिठ्ठीवर दिलेलं औषध, मात्रा, वेळ मोठ्या अक्षरांत लिहा. मॅग्नेशियमचा पहिला मोठा डोस खानापुरात देऊन झाला, पण चिठ्ठीत लिहिला नाही, तर बेळगावात तो पुन्हा जातो. चिठ्ठी हरवते, म्हणून सोबतच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर तिचा फोटोही काढून द्या.

चार्ज देताना आणि घरी पाठवताना

शिफ्ट बदलताना पुढच्या सिस्टरला चार्ज खाटेशी उभं राहून द्या. काय बदललं, काय राहिलंय, कोणाची काळजी वाटते, एवढं पुरे. सगळा इतिहास सांगत बसलात तर ऐकणारीचं लक्ष उडतं. डिस्चार्ज देताना "कळलं ना?" विचारू नका. "घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार ते मला सांगा" म्हणा. कन्नड बोलणाऱ्याला कन्नडमध्ये, मराठी बोलणाऱ्याला मराठीत. कोणती जुनी गोळी बंद केली ते वेगळं सांगा, आणि ते पाकीट रुग्णासमोरच बाजूला काढा.

सातवं काम: नोंद

पकडलेली चूक लिहून ठेवली नाही तर पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या शिफ्टमध्ये पुन्हा येते. पण लिहिणारीलाच मेमो मिळत असेल तर कोण लिहिणार? अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका रुग्णालयात २०१७ साली एका नर्सने झोपेच्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारं औषध दिलं आणि रुग्ण दगावली. २०२२ मध्ये नर्सवर फौजदारी गुन्हा सिद्ध झाला. चूक गंभीर होती यात वाद नाही. पण त्यानंतर तिथल्या नर्स संघटनांनीच इशारा दिला की आता चुका लपवल्या जातील.

म्हणून वॉर्डात एक साधी वही ठेवा, नाव न लिहिता भरायची: काय घडणार होतं, कुठे पकडलं, कशामुळे झालं असतं. "सिस्टरचं लक्ष नव्हतं" हे कारण म्हणून चालणार नाही. "दोन्ही अँप्युल एकाच खणात होत्या" हे चालेल, कारण खण बदलता येतो. इनचार्ज सिस्टरांनी आठवड्यातून एकदा ही वही चहाच्या वेळी वाचावी आणि दर वेळी निदान एक गोष्ट जागेवरून हलवावी. औषधाची विचित्र रिअ‍ॅक्शन दिसली तर राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाला कळवता येतं, नर्सलाही, डॉक्टरांच्या परवानगीची वाट न बघता. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. कळवताना औषधाचं नाव, बॅच नंबर आणि रिअ‍ॅक्शन सुरू झाल्याची वेळ हाताशी ठेवा. रिकामी व्हायल तोवर टाकून देऊ नका.